टॉवेलच्या जीएसएम काट्यातला एडीसी बदलला, त्याला ७ महिने झाले

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांना मी बॅटरीवर चालणारा, हातात मावणारा जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम) काटा बनवून देतो. कटरने टॉवेलचा १०० चौरस सेंटिमीटरचा गोल कापायचा, वजन करायचं आणि ग्रॅमला १०० ने गुणायचं. ५०० जीएसएमचा गोल ५ ग्रॅम भरतो, म्हणजे ०.०१ ग्रॅम इकडंतिकडं झालं की १ जीएसएमचा फरक. टॉवेलला एवढी बारीक मोजणी लागत नाही, दोन-चार टक्के मागंपुढं चालतं. पण शेवटचा आकडा नाचला की चेकर म्हणतो, "ओ भाऊ, तुमचा काटा खोटा दाखवतोय." मग डेटाशीट दाखवून काही उपयोग नसतो.

लोडसेल, म्हणजे वजनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग, १०० ग्रॅमचा. ३.३ व्होल्टवर पूर्ण वजनाला साधारण ३.३ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ०.०१ ग्रॅमला ०.३३ मायक्रोव्होल्ट. एडीसीची, म्हणजे हा व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या चिपची, निवड इथंच निम्मी होऊन जाते. १६ बिटांचा एडीएस१११५ चालू असताना १५० मायक्रोअँपिअर खातो, मला फार आवडतो, पण सर्वात बारीक रेंजला त्याची एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची. माझ्या लोडसेलवर ती जवळपास पाव ग्रॅम होते. १८ बिटांचा एमसीपी३४२१ आठपट गेनवर (सिग्नल आठपट वाढवून) सुमारे २ मायक्रोव्होल्टपर्यंत उतरतो, तोही अपुरा. उरले २४ बिटवाले. त्यांचेही २४ बिट खरे धरायचे नाहीत, शेवटचे कितीतरी नॉइजमध्येच (सिग्नलच्या थरथरीत) जातात.

त्यातला एचएक्स७११ आधी वापरत होतो. स्वस्त, कुठंही मिळणारा, आणि नॉइजच्या बाबतीत अजिबात वाईट नाही. डेटाशीटमध्ये १२८ गेन आणि सेकंदाला १० रीडिंगला ५० नॅनोव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी) दिलाय. (घाईच्या नादात मी एकदा रेट पिन वर करून सेकंदाला ८० रीडिंग घेतली. मागांच्या मोटारी चालू झाल्या आणि आकडा असा काही थरथरला की परत १० वर आलो.) दुखणं बॅटरीचं होतं. चिप १.५ मिलिअँपिअर खाते आणि लोडसेलमधला १०६६ ओहमचा ब्रिज (रोधांची जोडणी) ३.१. एकूण ४.६. १००० एमएएचची बॅटरी कागदावर नऊ दिवस, प्रत्यक्षात आठवड्यातच मान टाकायची.

म्हणून दसऱ्याच्या सुमारास २४ बिटांचाच एडीएस१२२० आणला, आणि पहिला महिना चक्क पस्तावलो. ड्यूटी-सायकल मोडमध्ये (चिप मधूनमधून झोपते तेव्हा) १२० मायक्रोअँपिअर ही ओळ वाचून भुललो होतो. चिपचा खर्च घटला, पण ब्रिज आपला ३.१ मिलिअँपिअर ओढतच होता! कागदावर नऊ दिवसांचे जवळपास तेरा झाले, एवढंच. नळाची गळती थांबवली आणि टाकीला भोक तसंच.

खरा फायदा त्याच्या लो-साइड स्विचमध्ये (चिपच्या आतला, ग्राउंडकडच्या बाजूचा स्विच) निघाला. ब्रिजचं खालचं टोक त्या पिनला जोडायचं आणि सेटिंगमध्ये एक बिट चालू करायचा. मग कन्व्हर्जन सुरू झालं की स्विच लागतो, पॉवर-डाउनची कमांड दिली की सुटतो. चिप झोपली की ब्रिजही झोपला.

आता कुणी म्हणेल, झोपवता तर एचएक्स७११लाही येतं. येतं ना, क्लॉक पिन ६० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वर धरली की झाला बंद. पण उठल्यावर त्याचा आकडा बसायला ४०० मिलिसेकंद लागतात. माझा काटा सेकंदातून दोनदा जागा होऊन ताटलीवर काही ठेवलंय का बघतो, म्हणजे तो प्रत्येक ५०० पैकी ४०० मिलिसेकंद जागाच. एडीएस१२२० पहिल्याच रीडिंगला बसतो. सेकंदाला २० च्या वेगावर हे ५० मिलिसेकंदांत उरकतं, आणि त्या वेगावर लाइनच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही गाळली जाते. आता महिना-सव्वा महिन्यातून एकदा चार्जिंग. एका युनिटमध्ये तर चार्जर कुठं ठेवलाय तेच कुणाला सांगता येईना.

जोडणीत एक चूक माझी. रेफरन्सची (ज्या व्होल्टेजशी ताडून मोजणी होते त्याची) ऋण पिन मी सरळ ग्राउंडला दिली होती. स्विचचा साडेतीन ओहमचा रोध त्यामुळं मोजणीत शिरला. आता ती तार ब्रिजच्या खालच्या टोकावरूनच घेतो. शिवाय वजन दिसलं की पहिली दोन-तीन रीडिंग फेकून देतो, कारण ब्रिजला नुकती वीज मिळालेली असताना आकडा किंचित सरकतो.

मे महिन्याचं मात्र कुठल्याच चिपला जमलेलं नाही. पत्र्याची शेड, बाहेर ४२-४३ अंश, सकाळी शून्य केलेला काटा दुपारी ०.०४ दाखवतो. तो लोडसेलच सरकतो, एडीसीला दोष नाही. वर डोक्यावरचा पंखा ताटलीवर वारा मारतो. त्यासाठी अॅक्रिलिकचं झाकण दिलंय, पण घाईत ते कुणी लावत नाही.

दुकानातल्या, कायम प्लगला लावलेल्या काट्यांत मी आजही एचएक्स७११च बसवतो. तिथं किमतीत कित्येक पटीचा फरक देण्यात अर्थ नाही.