रोडियमची मोड आली तर घासायची, आटवायची का थेट ॲसिडला घालायची?

गुजरीत (सराफ बाजारात) बसणाऱ्या कुणाकडंही आता मोडीत रोडियमचा, म्हणजे सोन्यावर त्या पांढऱ्या धातूचा पातळ मुलामा दिलेला, माल येतोच, व्हाईट गोल्डच्या अंगठ्या, दोन रंगाच्या बांगड्या, आणि शुद्ध करायची वेळ आली की तीन जणांची तीन मतं.

आधी एक, रोडियम काढून पैसे मिळतील हे डोक्यातनं काढा. थर पाव मायक्रॉन धरला आणि अंगठी पाच चौरस सेंटीमीटर धरली तर रोडियम भरतं दीड मिलिग्रॅमच्या आसपास. मार्च 2021 मध्ये भाव औंसाला जवळजवळ 29,000 डॉलरला गेलावता, त्या भावानं सुद्धा अंगठीमागं दीड डॉलर होत नाही. आपल्याला फक्त ते सोन्यात जाऊ द्यायचं नाही.

घासून काढणं, म्हणजे बफ मारणं, एखाद-दुसऱ्या नगाला ठीक आहे पण बफ रोडियमबरोबर सोनंपण खातो आणि ते सोनं धुळीत जातं, मग झारेकऱ्याकडनं (दुकानातली धूळ धुऊन सोनं काढणाऱ्याकडनं) ते परत काढायचं. ढीगभर मालाला हे परवडत नाही.

माल आहे तसा मुशीत (आटवायच्या भांड्यात) टाकणं सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. रोडियम वितळतं 1964 अंशाला, सोनं 1064 ला, तरी थर इतका पातळ असतो की तो सोन्यात मिसळून पसरतो, आणि सवागी-सोरा (मळ काढायचे क्षार) कितीही मारा, तांबं-जस्त निघेल, रोडियम नाही निघणार. पुढं पत्रा ओढताना कडक दाणा लागू शकतो. त्यात जुन्या केडीएम (कॅडमियमच्या डाकाने जोडलेल्या) डागिन्यातलं कॅडमियम धूर होऊन छातीत जातं ते वेगळंच.

थेट ॲक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात) घालणं मला पटतं, कारण न आटवलेला रोडियमचा थर त्यात विरघळत नाही, खालचं सोनं निघून जातं आणि चमकदार पापुद्रे तळाला राहतात, बारीक फिल्टरनं गाळून घ्यायचे आणि मगच मेटाबायसल्फाईटनं (विरघळलेलं सोनं तळाला बसवणाऱ्या पुडीनं) सोनं पाडायचं. फक्त नग आधी कापा नाहीतर रोलमधनं चेपा, थर अखंड असला तर ॲसिडला आत शिरायला जागाच मिळत नाही. 22 कॅरेट आणि निकेलच्या व्हाईट गोल्डला ही पद्धत चालते. पॅलेडियमचं असेल तर तेही सोन्याबरोबर विरघळतं, म्हणून पाडलेलं सोनं नीट धुवा, जमलं तर पुन्हा विरघळवून पाडा.

18 किंवा 14 कॅरेटच्या पिवळ्या मालात चांदी जास्त असली की वर चांदीच्या क्लोराईडचा थर बसून काम अडतं, तिथं मात्र चांदी घालून आटवा, सोनं चौथा हिस्सा ठेवा, नायट्रिकनं चांदी काढा आणि उरलेली तपकिरी भुकटी ॲक्वा रेजियात घाला. यात रोडियम बारीक होतं, थोडं विरघळूही शकतं, म्हणून गाळताना घाई नको.

आणि हे घराच्या माडीवर करू नका, कळकळीनं सांगतोय. ॲसिडचा तो तपकिरी धूर घेतल्यावर त्या वेळी काही वाटत नाही, काही तासांनी फुप्फुसात पाणी होतं. धूर ओढून धुऊन काढायची सोय नसेल तर गलाईवाल्याला (सोनं आटवून शुद्ध करून देणाऱ्याला) किंवा रिफायनरीला द्या, पण टंच मशीनच्या (शुद्धता मोजणाऱ्या एक्स-रे मशीनच्या) एका आकड्यावर देऊ नका, मशीन वरवरचे काही मायक्रॉनच बघतं आणि बऱ्याच मशीनच्या ट्यूबमध्येच रोडियम असतं, त्यामुळं आकडा फसवू शकतो. नग कापून आतला भाग दाखवा, आणि माल जास्त असेल तर फायर ॲसे (नमुना भट्टीत वितळवून केलेली शुद्धतेची तपासणी) मागा.