बाबांच्या बिलात 31 स्पेशालिस्ट व्हिजिट, आईने बघितल्या फक्त 9

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. बेळगावात पेशंट घेऊन येणाऱ्या लोकांनी वाचावं म्हणून लिहितोय, हॉस्पिटलचं नाव घालत नाही कारण तक्रार चालू आहे.

पहाटे बाबांच्या छातीत दुखायला लागलं, घाम सुटला, शेजारच्या पोराची गाडी काढली आणि सरळ शहरात खाजगीत नेलं. सिविलला जायचं डोक्यातच आलं नाही. ॲन्जिओग्राफी झाली, एक ब्लॉक, स्टेंट घालायला पाहिजे, पॅकेज 1,35,000 सगळं धरून असं काउंटरवरच्या माणसाने तोंडी सांगितलं. मी विचारलं आरोग्य कर्नाटकचं (सरकारी उपचार योजनेचं) कार्ड चालतं काय, तर म्हणे तुमचं एपीएल (दारिद्र्यरेषेच्या वरचं), एपीएलला काही मिळत नाही. हे चक्क खोटं. एपीएलला पॅकेज रेटच्या 30 टक्के मिळतात, वर्षाला दीड लाखापर्यंत. पण हे मला नंतर कळलं. (तिकडे महाराष्ट्राने 2023 ला आमच्या सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना जाहीर केली आणि त्यावरून दोन सरकारांची भांडणं लागली, आम्ही आपले मध्ये.)

मग कागद आले, सगळे कन्नडमध्ये. मला कन्नड बोलायला फाडफाड येतं पण वाचताना अक्षर अक्षर जुळवावं लागतं. "सही माडरी, एन आगंगिल्री" (सही करा, काही होत नाही) म्हणाला काउंटरवरचा माणूस, बाबा आत स्ट्रेचरवर, केल्या पाच-सहा सह्या.

स्टेंट व्यवस्थित बसला, बाबा आज बरे आहेत, ज्यांनी स्टेंट घातला त्या डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी 4 ला बाबांना खाली आणून गाडीत बसवलं आणि बिल हातात दिलं, 2,21,400. माझे तर हातपायच गळाले. स्टेंटची किंमत मात्र बरोबर होती, कंपनीचं नाव, बॅच नंबर सगळं वेगळं लिहिलेलं, कारण 2017 च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटचे दर बांधून दिलेत, औषधवाल्या स्टेंटला तेव्हा 29,600 कमाल होती. तिथे हात मारता येत नाही, मग दुसरीकडे मारतात. ग्लोव्हज, सिरिंज, 'हाय रिस्क चार्ज' आणि सगळ्यात मोठं म्हणजे स्पेशालिस्ट व्हिजिट 31, प्रत्येकी 1,500 प्रमाणे 46,500. मी म्हटलं पॅकेजचं काय, तर पॅकेजमध्ये व्हिजिट येत नाहीत म्हणे, तुम्ही सही केलीय की.

उसनंपासनं करून त्या वेळी भरलं, बाबांना गाडीत किती वेळ बसवणार.

घरी आल्यावर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काय बोलूलाल्यास रे, एकतीस? डॉक्टर आले की मला बाहेर काढायचे, नऊ वेळा बाहेर बाकड्यावर बसले मी." आणि एकेक सांगितली. किडनीचे डॉक्टर एकदाच दारात उभे राहिले, "लघवी होतेय काय" विचारून गेले, त्यांच्या बिलात 6 व्हिजिट. शुगरवाले तर आलेच नाहीत, बाबांना शुगरच नाही, तरी 4. डाएटवाल्या बाईंनी झेरॉक्स कागद दिला, कन्नडमध्येच. आणि शेवटची व्हिजिट संध्याकाळी 7 ची, त्या वेळी बाबा घरात आंबील पीत होते!

परत हॉस्पिटलात जाऊन डिस्चार्जची वेळ आणि ती 7 ची एन्ट्री दाखवली तेव्हा बिलिंगवाल्याचा आवाज बदलला. मॅनेजर आला, चहा सांगितला, 25,000 परत देतो म्हणाला पण 'डिस्काउंट' म्हणून, चुकीचं बिल म्हणून नाही, आणि वर एक कागद पुढे केला, परत कन्नड. ह्या वेळी मी फोटो काढून कन्नड मीडियमला दहावीत असलेल्या पुतणीला पाठवला. तिने लगेच फोन केला, काका ह्यात लिहिलंय की आमची कुठलीच तक्रार नाही. नाही केली सही.

मग डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) हाताखालच्या जिल्हा कमिटीकडे अर्ज दिला. खाजगी दवाखान्यांचा कायदा कर्नाटकात 2007 पासून आहे, दर बोर्डावर लावायला पाहिजेत, तक्रार ऐकायला ही कमिटी आहे. 2017 ला तो कडक करायला घेतला तेव्हा आपल्याच बेळगावात अधिवेशन चालू असताना डॉक्टर लोकांनी केवढं आंदोलन केलं होतं, आठवत असेल. अर्जाला बिल, डिस्चार्ज कार्ड आणि सही न केलेल्या कागदाची झेरॉक्स जोडलीय. रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचं बिल मागितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सापडलं असतं, आम्ही मागितलंच नाही.

अजून बोलावणं आलेलं नाही. आई म्हणते मला पण घेऊन चल, कुठल्या बाकड्यावर बसले होते ते दाखवते त्यांना.