जबाब घरी द्यावा की पोलीस स्टेशनला?

कळव्यात चाळीतल्या चोरीचा साक्षीदार म्हणून माझ्या भाच्याला पोलिसांनी बोलावलं. तो बौद्धिक दिव्यांग. समोरच्याचा आवाज चढला की प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार (लागू १ जुलै २०२४) अशा साक्षीदाराला राहत्या जागेबाहेर यायची सक्ती करता येत नाही. स्वतःची तयारी असेल तर पोलीस स्टेशनलाही जाता येतं. तिथे काम लवकर उरकतं, एवढंच. घरी मात्र ताई शेजारी बसली, त्याच्या हातात नेहमीची किल्ल्यांची जुडी होती आणि तो चक्क ‘मला माहीत नाही’ म्हणाला. मी घरच निवडेन. अटक झाली तर गोष्ट वेगळी: तेव्हा कलम ३८ खाली चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क लगेच मागायचा.