आठ महिने कल्टिवेशनच्या कादंबऱ्या वाचल्यानंतरचा अनुभव

जानेवारीत एका मैत्रिणीने नाद लावला तेव्हापासून शियानशिया वाचतेय, रोज लोकलमध्ये पाऊण तास आणि रात्री डोळे मिटेपर्यंत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही चीनच्या ताओ परंपरेतून निघालेली फॅन्टसी, माणूस साधना (हेच ते कल्टिवेशन) करत करत अमर व्हायला निघतो आणि मोठा टप्पा ओलांडला की आभाळातून वीज कोसळून त्याची परीक्षा होते.

साधक ढोबळमानाने दोन जातीचे. बरेचसे ची म्हणजे प्राणशक्ती पोटात साठवणारे, आणि थोडे शरीरच घडवणारे, आधी कातडी मग मांस, स्नायू, हाडं आणि शेवटी मज्जा. माझा जीव जडला तो या दुसऱ्यांवर, कारण इथे लेखकाला दुखणं लिहावंच लागतं. एका कादंबरीत पोरगा रात्रभर उकळत्या काढ्याच्या पिंपात बसतो, दातात लाकडाचा तुकडा, कातडी तडकतेय, आणि पहाटे अंगातून काळा चिकट घाण वासाचा मळ निघतो. मळ निघण्याचा प्रकार या कादंबऱ्यांत सगळीकडेच असतो, पण इथे तो नदीवर हात धुतो तर लाकडं फोडून पडलेले घट्टे गेलेले, आणि त्याला रडू येतं. ते पान मी स्टेशन येईपर्यंत तीनदा वाचलं.

आता तक्रार. सुरुवातीला मी ज्या ॲपवर वाचायचे तिथलं भाषांतर मशीनचं होतं, एका चॅप्टरमध्ये हिरो सोन्याची गोळी खातो, पुढच्यात त्याच्या पोटात सोन्याचा गोळा तयार होतो, मी दोन महिने या वेगळ्या गोष्टी समजत होते. मूळ शब्द एकच निघाला, जिनदान. दान म्हणजे हिंगूळ, पाऱ्याचं लाल खनिज, आणि त्यावरून अमरत्वाची गोळी. जुने ताओ साधक खरोखरच भट्टीवर हिंगूळ आणि पारा शिजवून या गोळ्या करायचे, चौथ्या शतकातल्या गे हाँगने त्याबद्दल भरपूर लिहून ठेवलंय, आणि तांग घराण्यातले काही सम्राट असल्या औषधांच्या विषानेच गेले असं मानतात. पुढे ती भट्टी हळूहळू शरीराच्या आत सरकली. धातू नाही, श्वास आणि ध्यान, आणि शिजवायचं ते स्वतःचंच सत्त्व. बेंबीखालच्या जागेला दानतियेन म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ हिंगुळाचं शेत! हे कळल्यावर मी आधी वाचलेले दीडशे चॅप्टर परत काढले, कारण पोटातला तो गोळा आता मला भट्टीत शिजताना दिसत होता.

पुराणकथा माहीत असल्या तर अजून मजा येते. माकडराजा सुन वुकोंग आठवा (त्याच्या ‘जर्नी टू द वेस्ट’ या जुन्या चिनी कादंबरीची सर्वांत जुनी उपलब्ध छापील प्रत 1592 ची आहे). त्याने स्वर्गातली पीचची फळं, दारू, अमृतगोळ्या सगळं फस्त केलेलं, म्हणून तलवार चालेना, आगही चालेना. मग त्याला लाओ त्झूच्या, म्हणजे ताओ परंपरेतल्या देवाच्या, भट्टीत 49 दिवस कोंडतात, तर हा वाऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, जळत नाही, फक्त धुराने डोळे कायमचे लाल होतात. आणि नेझा, चिनी पुराणातला बालदेव, तर आपलं मांस आईला आणि हाडं बापाला परत देऊन टाकतो, मग गुरू त्याला कमळाचं शरीर करून देतो. आजच्या कादंबऱ्यांतले भट्टीत तावूनसुलाखून निघणारे आणि नवं शरीर मिळवणारे हिरो वाचताना मला हे दोघं आठवल्याशिवाय राहत नाहीत.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेल्यांना तर हे अजिबात परकं वाटणार नाही, कुंडलिनी जागी होऊन मांस खाते आणि मग देह नवा होतो ते वर्णन आठवा. दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत, पण मला त्या वाटेने आत शिरता आलं.

जिथे निराशा झाली ते पण सांगते. चारशे-पाचशे चॅप्टरनंतर बऱ्याच लेखकांचा दम जातो, हाड पितळेचं, मग चांदीचं, मग सोन्याचं, पुढे नुसते आकडे, आणि कोणाला काही दुखतच नाही. तशा तीन मी अर्ध्यात सोडल्या. बायकांना तर यात शरीर घडवू देतच नाहीत फारसं, त्या आपल्या बर्फासारख्या सुंदर आणि दूर उभ्या, याचा मला खरंच राग येतो.

सध्या जी वाचतेय तिची नायिका लोहाराची मुलगी आहे, 212 चॅप्टर झाले तरी अजून कातडीच्याच टप्प्यावर अडकलीय, काल तिच्या डाव्या मनगटावर पहिल्यांदा सुरी घसरली आणि ओरखडा उठला नाही. आज घरी जाताना पुढचा वाचणार.