जळगावातील सीटी स्कॅन केंद्र : लहान मुलाच्या तपासणीचा अनुभव

यावल तालुक्यातील आमच्या गावी पाच वर्षांचा मुलगा घराच्या धाब्याच्या छतावरून खाली पडला आणि तासाभरात त्याला तीन उलट्या झाल्या, म्हणून गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आम्हाला जळगावला पाठवले. चिठ्ठीवर डोके, छाती आणि पोट अशा तिन्ही भागांचा सीटी स्कॅन लिहिला होता. पुढे एक तक्रारही नोंदवायची असल्याने केंद्राचे नाव लिहीत नाही.

या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तेथील रेडिओलॉजिस्ट डॉक्टर. त्यांनी चिठ्ठी वाचून थेट यंत्राकडे बोट दाखवले नाही. मुलाचे पोट हाताने तपासले, गावच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि आम्हाला समजावून सांगितले, की उंचावरून पडणे आणि वारंवार उलट्या यांमुळे डोक्याचा स्कॅन आवश्यक आहे. परंतु पोट मऊ आहे, दुखत नाही, श्वास नीट चालू आहे, तेव्हा तिथे आधी सोनोग्राफी करू, कारण तिच्यात सीटीसारखे क्ष-किरण मुळीच नसतात. सोनोग्राफीत काही आढळले नाही आणि दोन स्कॅन टळले. मुलांच्या वाढत्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि पुढचे आयुष्यही मोठे असते, म्हणून न केलेला अनावश्यक स्कॅन हीच डोस कमी करण्याची पहिली पायरी ठरते. आईला आत सोडण्यापूर्वी ती गरोदर आहे का, हेही विचारले गेले. शेवटी शिशाचा एप्रन घालून मीच मुलाजवळ थांबलो. त्याला चादरीत गुंडाळून, गोष्ट सांगत स्थिर ठेवले, त्यामुळे गुंगीचे औषध द्यावे लागले नाही. स्कॅन काही सेकंदांत झाला आणि हालचालीमुळे तो पुन्हा करण्याची वेळ आली नाही.

तक्रार आहे ती आकड्यांबाबत. अहवालात डोसचा उल्लेखच नव्हता. काउंटरवर विचारल्यावर ‘ते रिपोर्टमध्ये येत नसते’ असे उत्तर मिळाले. वास्तविक प्रत्येक स्कॅननंतर यंत्र स्वतःच डोसचे पान तयार करते. दुसऱ्यांदा विचारल्यावर तंत्रज्ञांनी ते छापून दिले : सीटीडीआय (यंत्राने दिलेल्या किरणांच्या मात्रेचा निर्देशांक) २७ मिलिग्रे, डीएलपी (ही मात्रा गुणिले स्कॅनची लांबी) ४३२ मिलिग्रे-सेंटिमीटर, म्हणजे स्कॅनची लांबी १६ सेंटिमीटर. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वांत १ ते ६ वर्षांच्या मुलांच्या डोक्यासाठी संदर्भपातळी (जिच्या वर डोस सहसा जाऊ नये अशी पातळी) सीटीडीआयची ४० आणि डीएलपीची ५०५ धरली आहे, त्या मानाने हे आकडे कमीच आहेत. डीएलपीला वयानुसार गुणक लावला तर शरीराला मिळालेला प्रभावी डोस, म्हणजे संपूर्ण शरीराच्या धोक्याच्या हिशेबातला डोस, अंदाजे पावणेदोन मिलिसिव्हर्ट होतो. निसर्गातून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. हे समजल्यावर मुलाच्या आईच्या मनावरचे ओझे किती उतरले, ते मी पाहिले आहे. केवळ ‘काळजी करू नका’ एवढ्याने ते उतरले नव्हते.

पान हाती आले तरी ते वाचताना एक गोष्ट जरूर पाहावी. सीटीडीआय हा मुलाच्या शरीरात मोजलेला डोस नसतो, तर १६ किंवा ३२ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या दंडगोलावरून, म्हणजे फँटमवरून काढलेला आकडा असतो. डोक्यासाठी १६ चा दंडगोल वापरतात, पण पोटाच्या स्कॅनमध्ये ३२ चा धरला असेल, तर लहान मुलाच्या बाबतीत छापलेला आकडा प्रत्यक्षाहून बराच कमी दिसतो. तंत्रज्ञांनी हा फरक मला न कंटाळता समजावला, किलोव्होल्ट आणि विद्युतप्रवाह मुलाच्या वयानुसार ठेवल्याचे पडद्यावर दाखवले. इतके जाणकार हात असताना त्यांच्या कामाचा पुरावा पालकाला मागून घ्यावा लागतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या मुलीला घेऊन पुन्हा त्याच केंद्रात गेलो होतो. तपासणी तितक्याच जबाबदारीने झाली. अहवालात आकडे याही वेळी नव्हते. डोसचे पान मात्र पहिल्या विचारण्यातच मिळाले, आणि ते तिच्या लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवले आहे.