सीएक्सएफची इंटरसेप्टर साखळी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

न्हावा शेवाहून कंटेनर उचलणाऱ्या एजंटांच्या सिस्टिम दिवसभर आमच्या सेवेला विचारत असतात: कंटेनर सुटला का, गेटपास मिळेल का. प्रश्न सोपमध्ये (वेब सेवांच्या एक्सएमएल संदेशांचा ठरलेला साचा) येतो, उत्तरही सोपमध्येच जातं. महाप्याच्या ऑफिसात बसून ही सेवा मी आठ महिन्यांपूर्वी अपाची सीएक्सएफ या जावाच्या वेब सेवा फ्रेमवर्कवर नव्याने उभी केली. विनंती आत आल्यापासून उत्तर बाहेर पडेपर्यंत मध्ये कोण कोण हात लावतो आणि कोणत्या क्रमाने, हा ताबा मला हवा होता. तो मिळाला. पण काही गोष्टी कळायला रात्री जागाव्या लागल्या, त्या इथे लिहिते.

आधी आमचं सगळं सर्व्हलेट फिल्टरमध्ये, म्हणजे विनंती सेवेपर्यंत जाण्याआधी अडवणाऱ्या कोडमध्ये होतं. ओळख तपासणारा फिल्टर वर लिहिला की तो आधी धावायचा, इतका साधा हिशेब. सीएक्सएफमध्ये इंटरसेप्टर, म्हणजे संदेशाला वाटेत हात लावणारा कोड, आपली फेज (टप्पा) सांगतो: रिसीव्ह, प्री-स्ट्रीम, रीड, प्री-प्रोटोकॉल, अनमार्शल, प्री-लॉजिकल, इन्व्होक वगैरे. साखळी त्या फेजप्रमाणे स्वतःच लागते. गेटवर आधी कागद, मग सील, मग वजनकाटा; ट्रक कोणाचाही असो, क्रम तोच. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात स्वतःचा इंटरसेप्टर लिहिला आणि तो बरोबर जागी बसला, तेव्हा मला ही रचना मनापासून आवडली.

एकाच फेजमध्ये दोन इंटरसेप्टर असतील तर कोण आधी, कोण नंतर हे सांगायला अ‍ॅडबिफोर आणि अ‍ॅडआफ्टर वापरायचे. इथे जपा. दुसऱ्या इंटरसेप्टरचं नाव स्ट्रिंग (साधा मजकूर) म्हणून द्यावं लागतं आणि ते चुकलं तर एररही येत नाही, वॉर्निंगही नाही. दुसऱ्या फेजमधल्या इंटरसेप्टरचं नाव दिलंत तरी तसंच, कारण आधी फेज बघितली जाते. आम्ही नाव हाताने टाइप करणं बंद केलं, क्लासवरूनच घेतो.

आता साखळी मध्येच थांबवायची कशी? पहिल्या महिन्यात मुदत संपलेलं टोकन (ओळखीचा डिजिटल पुरावा) आलं की नकार द्यायला मी अबॉर्ट वापरलं. रात्री साडेअकराला सपोर्टवरच्या मुलाचा फोन: "मॅडम, एजंट म्हणतोय दोनशे आलंय, पण आत काहीच नाही." अबॉर्ट केल्यावर साखळी तिथेच संपते. उत्तर पाठवणारी साखळी सुरू करणारा इंटरसेप्टर पोस्ट-इन्व्होकमध्ये बसतो, त्याच्यापर्यंत गाडी पोहोचतच नाही. मग सर्व्हर रिकामं उत्तर २०० हा ‘यशस्वी’ सांगणारा कोड लावून देतो. समोरच्या सिस्टिमने ते यश समजून पुढचं काम केलं. उरणच्या रस्त्यावर ट्रक उभा आणि हातात गेटपास नाही. त्या ड्रायव्हरचा विचार माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही.

तेव्हापासून नकार द्यायचा तर फॉल्ट, म्हणजे त्रुटी, फेकायचा, हा आमचा नियम. फॉल्ट फेकला की साखळी उलटी फिरते, आधी धावून गेलेल्यांचं हँडलफॉल्ट (फॉल्ट आला तरच चालणारी मेथड) शेवटून सुरुवातीकडे बोलावलं जातं आणि फॉल्टची वेगळी साखळी उत्तर बाहेर नेते. अबॉर्ट तुम्ही उत्तर स्वतः लिहिणार असाल तरच वापरा. फॉल्टची साखळी वेगळी असते हेही विसरू नका. लॉगिंगचा इंटरसेप्टर फक्त नेहमीच्या आउट (उत्तराच्या) साखळीवर लावला होता, म्हणून नेमके बिघडलेले व्यवहारच लॉगमध्ये नव्हते.

सगळ्यात जास्त दिवस गेले ते थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे थ्रेडला चिकटून राहणाऱ्या माहितीत. एजंटने हेडरमध्ये संदर्भ क्रमांक दिला की रिसीव्ह फेजमध्ये आम्ही तो लॉगच्या एमडीसीत (लॉगच्या ओळींना जोडायची, थ्रेडवर राहणारी माहिती) ठेवायचो आणि हँडलफॉल्टमध्ये पुसायचो. विनंती नीट पार पडली तर? हँडलफॉल्ट येतच नाही. फिल्टर पुढच्याला स्वतः हाक मारतो, म्हणून काम संपल्यावर ताबा त्याच्याकडे परत येतो आणि फायनलीमध्ये (काहीही झालं तरी चालणारा कोड) साफसफाई होते. सीएक्सएफचा इंटरसेप्टर आपलं काम करून बाजूला होतो. क्रमांक त्या थ्रेडवर तसाच राहायचा, तोच थ्रेड पुढची विनंती घ्यायचा, आणि हेडर न देणाऱ्या पुढच्या एजंटच्या ओळींवर आधीच्याचा क्रमांक छापला जायचा. एका एजंटच्या तक्रारीचा शोध घेताना आम्ही दोन दिवस दुसऱ्याच कंटेनरच्या मागे होतो.

साफसफाई आउट साखळीच्या शेवटी ठेवून बघितली, पण फॉल्ट तिकडून जात नाहीत. शेवटी बाहेरून एकच सर्व्हलेट फिल्टर परत आणला, तो फायनलीमध्ये एमडीसी पुसतो. बाकी जे इन आणि आउट दोन्हीकडे लागतं ते एक्सचेंजमध्ये ठेवते. मेसेज दर दिशेला वेगळा असतो, एक्सचेंज दोघांचा एकच. आणि इंटरसेप्टरच्या फील्डमध्ये विनंतीचं काहीही ठेवू नका, कारण एकच ऑब्जेक्ट सगळ्या विनंत्यांना पुरतो.

बसवर (सीएक्सएफमध्ये सगळ्या सेवा आणि क्लायंटना सामाईक असलेली वस्तू) इंटरसेप्टर लावण्याचा मोह होतो, एकदा लावला की सगळीकडे लागू. सगळीकडे म्हणजे खरंच सगळीकडे. आमची सेवा स्वतः क्लायंट म्हणून दुसऱ्या सेवेला विचारते, तिच्या उत्तरावरही आमचा टोकन तपासणारा धावला आणि त्याने उत्तर नाकारलं. ओळखीचा तपास आता एंडपॉइंटवर, म्हणजे फक्त आमच्या सेवेवर आहे. बसवर जे उरलंय त्यात इज-रिक्वेस्टर (आपण विचारणारे आहोत का) बघून बाजू ओळखतो.

जेएएक्स-डब्ल्यूएसचे (जावाचं वेब सेवांचं मानक) सोपहँडलर लिहायला ओळखीचे वाटतात, पण त्यांच्यासाठी पूर्ण संदेशाचं झाड मेमरीत उभं राहतं. मोठी कागदपत्रं येत असतील तर टाळा. डब्ल्यूएस-सिक्युरिटीबद्दल (सोप संदेशांची सही आणि गुप्तता) माझी तक्रार नाही, प्री-प्रोटोकॉलमध्ये बसलं ते बसलं. सीएक्सएफ ४.० वर जाताना जावा १७ आणि जावाएक्सच्या जागी जकार्ताची पॅकेज-नावं आली, आमच्या इंटरसेप्टरांना मात्र फारसा हात लावावा लागला नाही.

नवीन सुरुवात करणाऱ्याने पहिल्या दिवशी फेजइंटरसेप्टरचेनचा (साखळी लावणारा क्लास) लॉग फाइन, म्हणजे बारीक तपशिलाच्या पातळीवर चालू करावा. साखळी तयार झाली की कोणत्या फेजमध्ये कोण बसलंय ते ओळीने छापून येतं. मी तो कागद घणसोलीहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये वाचत बसायचे, आणि अ‍ॅडबिफोरमधलं चुकलेलं नाव मला तिथेच सापडलं.