कोहा घ्यावं, ई-ग्रंथालय की विक्रेत्याचं सॉफ्टवेअर? नाशिकच्या वाचनालयांसाठी

कोहा हे ग्रंथालय चालवायचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघू-बदलू शकतो असं. ते फुकट आहे, हे अर्धंच खरं. परवान्याला रुपया लागत नाही, पण डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींवरचा सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. कॉलेज रोडवर तो मिळेलही. येवल्यात किंवा सटाण्यात आधी शोधा, मग ठराव करा. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने १९९९ साली कोहा बनवून घेतलं, कारण त्यांची जुनी प्रणाली २००० साल ओलांडणार नव्हती. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भेट मिळालेली गायसुद्धा चारा खातेच.

ई-ग्रंथालय राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं. सरकारी ग्रंथालयांना तेही फुकट, पण मुक्त स्रोत नव्हे. त्यात बदल करायचा तर केंद्रानेच करायचा. क्लाउडवरचं खातं मिळालं तर सर्व्हरची कटकट संपते, पण नेट गेलं की देवघेव थांबते. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हे हलक्यात घेऊ नका. कोहा वाचनालयातल्याच यंत्रावर असेल तर नेट नसतानाही काउंटर चालतो. फक्त सर्व्हर, राउटर आणि काउंटरचा संगणक हे तिन्ही यूपीएसवर हवेत. बहुतेक ठिकाणी राउटरच विसरला जातो.

वर्गणीच्या बाबतीत मात्र स्थानिक विक्रेत्याचं सॉफ्टवेअर बाजी मारतं. मासिक वर्गणी, अनामत, थकबाकीची यादी, मराठी पावती हे सगळं त्यात तयार असतं, कारण ते आपल्याच वाचनालयांसाठी लिहिलेलं असतं. कोहात सभासद-प्रकार १, ३ किंवा १२ महिन्यांच्या मुदतीचे करून प्रत्येकाला नोंदणी शुल्क लावावं लागतं. नूतनीकरण केलं की ते खात्यावर पडतं. परत करायच्या अनामतीसाठी वेगळं खातं नाही, ती हिशेबाच्या वहीतच ठेवा.

खरी मेहनत जुन्या नोंदींत आहे. जुनं सॉफ्टवेअर श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर असेल तर आधी मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) करा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एका प्रकाराने शोधलं तर दुसरा सापडत नाही. आयात करण्याआधीच सगळीकडे एकच रूप करून टाका. शिवाय कोहाच्या झेब्रा या शोधयंत्राची मूळ मांडणी रोमन लिपी धरून असते. देवनागरीसाठी आयसीयू (युनिकोड लिप्या समजणारी शोधमांडणी) चालू करून अनुक्रमणिका पुन्हा बांधून घ्या.

दुसरी अडचण प्रतींची. जुन्या सॉफ्टवेअरात बहुधा दर दाखल क्रमांकाला एक ओळ असते. कोहात एका ग्रंथाची एक नोंद आणि तिच्याखाली प्रती. एक्सेलची यादी मार्कएडिट या साधनातून मार्क नोंदींत (ग्रंथनोंदींच्या प्रमाण रूपात) बदलून तशीच ढकलली, तर एकाच कादंबरीच्या पाच प्रतींच्या पाच नोंदी होतात. आयएसबीएनवर (पुस्तकावरच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकावर) जुळवणी करता येते, पण जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. त्यांना शीर्षक, लेखक आणि प्रकाशक लावून आधी एकत्र करा. दाखल क्रमांक मार्क नोंदीतल्या ९५२ या क्षेत्राच्या पी उपक्षेत्रात जातो, कारण कोहा तोच बारकोड मानतं.

एक्सेलचा एक घोळ सगळ्यांना नडतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली साधी) फाइल दोनदा टिचकी मारून उघडली की ००४५१२ चं ४५१२ होतं. जतन केली की शून्यं गेली, आणि स्कॅनर पुस्तकावरचं ००४५१२ वाचून ‘नोंद नाही’ म्हणतो. फाइल डेटा मेनूतून युटीएफ-८ हा युनिकोड प्रकार धरून आणा आणि तो स्तंभ मजकूर म्हणून ठेवा.

बाहेर पडण्याचा रस्ता आधी बघा. कोहा सोडताना सगळं तुमच्या हातात असतं: ग्रंथनोंदी मार्कमध्ये आणि सभासद, चालू देवघेव अहवालातून सीएसव्हीमध्ये. नव्या विक्रेत्याला दर प्रतीची एक ओळ हवी असेल तर प्रती आणि ग्रंथनोंदींची टेबलं जोडून एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतला) अहवाल काढा. विक्रेत्याचं सॉफ्टवेअर घेणार असाल तर करारातच लिहून घ्या: वार्षिक देखभाल बंद झाली तरी पूर्ण डेटा युनिकोडमध्ये, दाखल क्रमांकांसह मिळेल. तोंडी ‘देऊ की’ला काही किंमत नाही.

आमचं मत: संगणक जाणणारा एक माणूस कायमचा असेल आणि वर्गणीचे प्रकार मोजके असतील, तर कोहा. महाविद्यालयांनी सोबत इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांच्या केंद्राचं सोल हे सॉफ्टवेअरही बघावं. ते मुक्त स्रोत नाही, पण महाविद्यालयीन कामाला बेतलेलं आहे. एकच अर्धवेळ ग्रंथपाल आणि घरोघरी वर्गणी गोळा करणारं वाचनालय असेल तर विक्रेत्याचंच बरं, लेखी अटीसह.

कोहा घेतलंच तर आणखी एक गोष्ट. त्याचा रोजचा बॅकअप आपोआप होतो, पण त्याच यंत्रावर, आणि मूळ मांडणीत फक्त २ दिवसांचा राहतो. दर शनिवारी बॅकअपच्या दोन्ही फाइल (डेटाबेसची आणि मांडणीची) पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर त्या उघडून बघा.